तक्त्यावरचा गाळ कुठे गेला?

आमच्या शेजारी राहणाऱ्या नववीतल्या एका मुलीने घटक चाचणीची उत्तरपत्रिका आम्हाला आणून दाखवली. प्रश्न नेहमीचाच होता : चार कड्यांची एक अन्नसाखळी लिहा. गुण दोन. तिने लिहिले होते : आंब्याची वाळकी पाने – गांडूळ – कोंबडी – माणूस. त्यावर लाल शाईची फुली होती, शेजारी शून्य होते आणि समासात लिहिले होते, 'उत्पादक कुठे आहे?' वर्गातल्या बाकी सर्वांनी गवत – नाकतोडा – बेडूक – साप असे लिहून पूर्ण गुण मिळवले होते. मुलीचे म्हणणे एवढेच होते की तिच्या परसात साप कधी आलेला नाही, गांडुळे मात्र रोज दिसतात आणि कोंबड्या ती उकरून खातात.

आम्ही गुण देणाऱ्या बाईंना दोष देत नाही. साठ पेपर एका रात्रीत तपासायचे आणि पुढ्यात नमुना उत्तर ठेवलेले, अशा वेळी दुसरे काही होणे कठीण. शिवाय समासातला प्रश्न अगदी योग्य आहे. उत्पादक कुठे आहे? तो आंब्याच्या झाडावर होता, पान गळून पडेपर्यंत. प्रश्नाचा पाठपुरावा केला असता तर उत्तर मिळाले असते आणि वर्गाला एक चांगला तासही मिळाला असता. तो झाला नाही याला कारण बाई नव्हेत. कारण ते चित्र आहे, जे आपल्या सर्वांच्या डोक्यात पक्के बसले आहे. पुस्तकाचे किंवा नाटकाचे परीक्षण करतात तसे त्या चित्राचे परीक्षण करावे, असे आम्हाला वाटले.

चित्र वाचकांच्या परिचयाचे आहे. डाव्या कोपऱ्यात सूर्य. खाली हिरवे गवत, त्यावर नाकतोडा, पुढे बेडूक, मग साप, आणि वर पंख पसरलेला गरुड. प्रत्येक दोघांमध्ये एक बाण. त्याच पानावर किंवा उलट बाजूला ऊर्जेचा मनोरा : तळाशी १०,००० ज्यूल, मग १,०००, मग १००, मग १०. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जागा उरली असेल तर, दोन भूछत्रे आणि 'विघटक' असा शब्द. विज्ञान प्रदर्शनांचे परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग आमच्यावर अधूनमधून येतो. थर्माकोलचे, पुठ्ठ्याचे, बल्ब लागणारे असे या चित्राचे सर्व अवतार आम्ही पाहिले आहेत. भूछत्रे बहुतेक वेळा कोपऱ्यातच असतात.

चित्रात चांगले काय आहे ते आधी सांगितले पाहिजे. सगळ्या सजीवांची ऊर्जा शेवटी सूर्याकडून येते आणि ती पकडण्याचे काम हिरव्या वनस्पती करतात, ही गोष्ट ते एका दृष्टिक्षेपात सांगते. (खोल समुद्रात रासायनिक ऊर्जेवर जगणारे जीवाणू आहेत, पण त्यांचा तपशील नववीत नसला तरी चालेल.) वर जावे तसे ऊर्जा कमी होत जाते, म्हणून हरणांच्या मानाने वाघ थोडे, हेही ते सांगते. एवढे काम एका चित्राने करावे ही लहान गोष्ट नव्हे. आमची तक्रार आहे ती चित्रातून काय गाळले गेले आणि काय नको तितके ठाम केले गेले याबद्दल. यासाठी हे चित्र मुळात कुठून आले ते पाहावे लागेल.

अन्नसाखळी हा शब्द परिसरशास्त्रात रुळवला तो चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने, १९२७ सालच्या आपल्या पुस्तकात. संख्येचा मनोराही त्याचाच. पण त्याआधी १९२३ साली एल्टन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ समरहेज यांनी उत्तर ध्रुवाकडच्या बेअर बेटावरील प्राणी व वनस्पतींचे संबंध दाखवणारी एक आकृती प्रसिद्ध केली होती. त्या आकृतीत पक्षी आहेत, कोल्हा आहे, कीटक आहेत. त्यांच्याबरोबरच जीवाणूही आहेत, आणि ते कोपऱ्यात नाहीत, बाणांच्या वाटेवर आहेत.

ऊर्जेचा हिशोब मात्र आला तो रेमंड लिंडेमन या अमेरिकन तरुणाकडून. मिनेसोटा राज्यात सीडर बॉग नावाचे एक छोटे तळे आहे, साधारण मीटरभर खोलीचे, गाळाने भरत आलेले. लिंडेमनने पत्नी एलिनॉर हिच्या मदतीने पाच वर्षे या तळ्यातील जीवांची मोजदाद केली. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल, पाणवनस्पती, त्यांवर जगणारे बारीक प्राणी, तळाच्या चिखलातल्या अळ्या, सगळे चाळून, मोजून, वजन करून. मग त्याने प्रश्न विचारला तो नवा होता : कोण कोणाला खातो एवढेच न विचारता, एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर ऊर्जा किती जाते? त्याचा लेख १९४१ साली 'इकॉलॉजी' या नियतकालिकाकडे गेला तेव्हा पॉल वेल्च आणि चॅन्सी जुडे या दोन नामवंत सरोवर-तज्ज्ञांनी तो छापू नये असे मत दिले. एवढ्या थोड्या मोजमापांवर एवढी मोठी कल्पना उभी करणे त्यांना पटले नाही. लिंडेमनचे मार्गदर्शक हचिन्सन यांनी लेखाची बाजू घेतली, संपादक थॉमस पार्क यांनी शेवटी तो स्वीकारला, आणि १९४२ च्या ऑक्टोबरात तो छापून आला. लिंडेमन मात्र त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वारला होता.

या लेखातली पहिली आकृती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. वर सूर्यप्रकाश आहे. एका बाजूने तरंगत्या शैवालापासून माशांपर्यंत जाणारी वाट आहे, दुसऱ्या बाजूने पाणवनस्पतींपासून तळाच्या प्राण्यांपर्यंत जाणारी. आणि मधोमध, जिथे आपण मुख्य पात्र ठेवतो तिथे, आहे गाळ. तळ्याच्या तळाशी साचलेला मेलेल्या वनस्पतींचा, विष्ठेचा आणि मृत प्राण्यांचा तो सेंद्रिय चिखल. सगळे बाण फिरून त्याच्याकडे येतात आणि त्याच्यातून पुन्हा निघतात. ज्या माणसाच्या नावाने आपण ऊर्जेचा मनोरा शिकवतो, त्याच्या चित्राचा मध्यबिंदू गाळ होता! तक्त्यावर येईपर्यंत गाळ गेला आणि मध्यभागी नाकतोडा आला.

हे कोणी मुद्दाम केलेले नाही. साखळी सरळ रेषेत काढता येते, गाळ काढता येत नाही. गरुडाचे चित्र चांगले दिसते. चिखलातल्या अळीचे चित्र तक्त्यावर कोण रंगवील? शिवाय 'खाणे' म्हणजे जिवंत प्राण्याने जिवंत प्राण्याला खाणे अशी आपली समजूत असते, आणि कुजणे म्हणजे खाणे संपल्यावर होणारी साफसफाई. प्रत्यक्षात कुजणे हेही खाणेच आहे. फक्त खाणारे डोळ्यांना दिसत नाहीत आणि खाल्ले जाणारे आधीच मेलेले असते.

या 'साफसफाई'त किती ऊर्जा जाते याचा एक उत्तम हिशोब उपलब्ध आहे. फ्लोरिडा राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या नितळ पाण्याच्या झऱ्याचा अभ्यास हॉवर्ड ओडम यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. सगळे आकडे दर चौरस मीटरला, दर वर्षी, इतक्या किलोकॅलरी असे आहेत. वनस्पतींनी प्रकाशसंश्लेषणाने २०,८१० बांधल्या. पैकी ११,९७७ त्यांनी स्वतःच्या श्वसनात खर्च केल्या, उरल्या ८,८३३. शाकाहारी प्राण्यांकडे गेल्या ३,३६८, त्यांना खाणाऱ्या मांसाहारींकडे ३८३, आणि सर्वांत वरच्या मांसाहारींकडे फक्त २१. विघटकांकडे? ५,०६०. म्हणजे शाकाहारी, मांसाहारी आणि वरचे मांसाहारी या तिघांचे आकडे एकत्र केले तरी विघटकांचा आकडा मोठाच राहतो.

या हिशोबाची गंमत अशी की तो वहीखात्यासारखा जुळतो, आणि वर्गात मुलांकडून जुळवून घेता येतो. श्वसनाचा खर्च : वनस्पती ११,९७७, शाकाहारी १,८९०, मांसाहारी ३१६, वरचे मांसाहारी १३, विघटक ४,६००. बेरीज १८,७९६. प्रवाहाबरोबर वाहून खाली गेले २,५००. एकूण खर्च २१,२९६. जमेच्या बाजूला वनस्पतींचे २०,८१० आणि बाहेरून आलेले ४८६. बेरीज तीच. बाहेरून आलेल्या या अन्नात पर्यटक माशांना घालीत तो पावही धरलेला आहे! ओडम यांनी पावाचाही हिशोब ठेवला ही गोष्ट आम्हाला फार आवडते. परिसंस्था म्हणजे कुंपण घातलेली जागा नव्हे, हे पावाच्या एका तुकड्यावरून मुलांना पटवता येते.

पाणवनस्पतींनी भरलेल्या झऱ्यात ही स्थिती, तर जंगलात काय असेल? जंगलात झाडांनी तयार केलेल्या पदार्थांपैकी जिवंतपणी प्राण्यांच्या तोंडी लागणारा भाग बहुतेक मोजमापांत दहा टक्क्यांच्या आतबाहेर आढळतो. बाकीचे सगळे पान, फांदी, साल होऊन खाली पडते आणि मातीतले जीव ते खातात. आणि झाडांच्या सावलीतल्या लहान ओढ्यात तर उत्पादकच जवळजवळ नसतात. मॅसॅच्युसेट्स राज्यात कॉनकॉर्डजवळ रूट स्प्रिंग नावाचा एक छोटासा झरा आहे, दोन-एक मीटर व्यासाचा, वीतभर पाण्याचा. जॉन टील यांनी त्याचाही हिशोब १९५७ सालीच मांडला. त्यात येणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा काठावरच्या झाडांच्या पडलेल्या पाल्यातून येत होती. झऱ्यातल्या शैवालाचा वाटा उरलेला एक-चतुर्थांश. आमच्या शेजारच्या मुलीने याच झऱ्याची अन्नसाखळी लिहिली असती तर ती वाळक्या पानापासूनच सुरू झाली असती, आणि समासात पुन्हा तीच फुली आली असती.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. सह्याद्रीतल्या दाट झाडीतून वाहणाऱ्या एखाद्या ओढ्यात, पावसाळा ओसरल्यावर, दोन दगड उलटून पाहावेत. हिरवे असे फारसे काही दिसत नाही. दिसतात ती काळी पडलेली, जाळी झालेली पाने, त्यांना चिकटलेल्या अळ्या, पानांच्या तुकड्यांचे घर अंगाभोवती बांधून हिंडणारा एखादा किडा, दगडाखाली दबलेला खेकडा. ही सगळी वस्ती पाल्यावर उभी आहे. तिच्यावर मासे जगतात, माशांवर खंड्या.

आता तक्त्यावरचा बेडूक पुन्हा पाहा. तो फक्त नाकतोडे खातो का? डास खातो, मुंग्या खातो, वाळवी खातो, चिखलातून निघालेले चिलट खातो. डासांच्या अळ्या पाण्यातल्या कुजकट कणांवर आणि सूक्ष्मजीवांवर वाढतात, वाळवी वाळक्या लाकडावर. म्हणजे बेडकाचा एक पाय गवताच्या साखळीत आहे आणि दुसरा पाल्याच्या. तक्त्याने त्याचा दुसरा पाय कापला आहे.

आता दुसरी तक्रार, ठामपणाची. 'दहा टक्क्यांचा नियम' लिंडेमनच्या नावाने सांगितला जातो. लिंडेमनचे आकडे काय होते? सीडर बॉग तळ्यात सूर्यप्रकाशापैकी वनस्पतींनी पकडला ०.१ टक्का, त्यापुढे शाकाहारींचा आकडा १३.३ टक्के, मांसाहारींचा २२.३ टक्के. तुलनेसाठी त्याने मेंडोटा या मोठ्या सरोवराचे आकडे घेतले होते, जे गोळा केले होते जुडे यांनीच, लेख नाकारणाऱ्या जुडे यांनी. तिथे अनुक्रमे ०.४, ८.७, ५.५ आणि १३ टक्के. एकही आकडा १० नाही. उलट वरच्या पातळीवर जावे तशी कार्यक्षमता वाढत असावी, असा लिंडेमनचा स्वतःचा अंदाज होता. म्हणजे त्याच्या नावावर खपणारा नियम त्याने मांडलेला नव्हता, आणि त्याने मांडलेला अंदाज त्या नियमाच्या विरुद्ध होता.

सिल्व्हर स्प्रिंग्जच्या आकड्यांवरून टक्केवारी काढून पाहिली तर आणखी एक अडचण दिसते. शाकाहारींकडे गेलेले ३,३६८ हे २०,८१० च्या १६ टक्के भरतात, पण ८,८३३ च्या ३८ टक्के. वनस्पतींनी बांधलेल्या ऊर्जेच्या किती टक्के, की त्यांच्या श्वसनानंतर उरलेल्या ऊर्जेच्या? कशाचे टक्के हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. पुढच्या पायऱ्या ११ आणि साडेपाच टक्क्यांच्या आहेत. एकाच झऱ्यात तीन पायऱ्यांचे तीन आकडे.

मग दहा टक्के हा आकडा खोटा का? तसेही नाही. पॉली आणि क्रिस्टेन्सन यांनी १९९५ साली समुद्र व गोड्या पाण्यातील ४८ परिसंस्थांच्या गणिती प्रतिकृतींमधून सरासरी काढली, ती दहा टक्क्यांच्या अगदी जवळ आली. मात्र वेगवेगळे आकडे सुमारे २ पासून २४ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. वर्गातल्या मुलांची सरासरी उंची १५० सेंटिमीटर आहे म्हणून प्रत्येक मुलाला १५० सेंटिमीटरचा गणवेश शिवत नाहीत. दहा टक्के हा अंदाज आहे, आणि सुरुवातीला चालेल असा अंदाज आहे. त्याला ओहमच्या नियमाशेजारी बसवले की बिघडते.

किती बिघडते ते पाहण्यासाठी परीक्षेतले ठरलेले उदाहरण घेऊ. गवतात १०,००० ज्यूल, तर गरुडाला किती? चार पायऱ्या, उत्तर १ ज्यूल. आता प्रत्येक पायरीला १० ऐवजी ५ टक्के धरले तर गरुडाला मिळतो ज्यूलचा सोळावा भाग. २० टक्के धरले तर १६ ज्यूल. पाच आणि वीस, दोन्ही आकडे निसर्गात सापडणारे आहेत, आणि उत्तरात २५६ पटींचा फरक पडतो. जे उत्तर २५६ पटींनी इकडेतिकडे होऊ शकते ते 'बरोबर १ ज्यूल' म्हणून तपासणे म्हणजे पदावली तपासणे. जीवशास्त्र त्यात राहत नाही. हेच उदाहरण तिन्ही टक्केवारींनी सोडवायला दिले तर मात्र ते फार चांगले उदाहरण आहे.

पायऱ्यांत एवढा फरक का पडतो, याचे एक कारण प्राण्यांच्या शरीरातच आहे. पक्षी आणि सस्तन प्राणी अंग गरम ठेवण्यात एवढी ऊर्जा खर्च करतात की पचलेल्या अन्नापैकी एक ते तीन टक्केच नव्या मांसात उतरते. एकेकट्या राहणाऱ्या कीटकांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास जाते. नाकतोडा आणि गरुड यांना एकाच मापाने मोजण्यात म्हणूनच अर्थ नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त खटकते. 'उरलेली ९० टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपात नष्ट होते' हे वाक्य कितीतरी मार्गदर्शकांत आणि वह्यांत आढळते. ऊर्जा नष्ट होत नाही हे तोच विद्यार्थी भौतिकशास्त्राच्या तासाला घोकत असतो, तेव्हा 'नष्ट' हा शब्द आधी जायला हवा. पण शब्द बदलूनही वाक्य चूकच राहते. ज्या गावात गोवऱ्या थापल्या जातात त्या गावच्या मुलांना तरी ते चुकीचे असल्याचे दाखवून देता येईल. गाय कडबा खाते. कडब्यातली निम्म्याच्या आसपास ऊर्जाच तिला पचते; बाकीची शेणातून बाहेर पडते. ती उष्णता होऊन गेली असती तर गोवरी पेटली नसती, आणि गोबरगॅसच्या टाकीवर शेगडीही चालली नसती. शेणातली ऊर्जा शाबूत आहे. ती फक्त गायीच्या मांसात गेली नाही आणि वाघाच्या वाट्याला येणार नाही. शेणकिडा, बुरशी आणि जीवाणू यांच्या वाट्याला ती पुरेपूर येते.

तेव्हा त्या ९० टक्क्यांचे निदान तीन भाग करून सांगायला हवेत. काही खाल्लेच जात नाही. काही खाल्ले जाते पण पचत नाही. आणि जे पचते त्यातले बरेचसे श्वसनात वापरले जाऊन उष्णता होते. यातला तिसरा भाग तेवढा त्या प्राण्याकडून उष्णता म्हणून निघून जातो. पहिले दोन भाग गाळात जातात, आणि तिथे त्यांच्यावर दुसरी अख्खी वस्ती जगते. शेवटी तिथलीही ऊर्जा उष्णता होऊनच बाहेर पडते हे खरे, पण मधल्या काळात तिने कितीतरी तोंडे भरलेली असतात. ९० टक्क्यांचा एकच ढीग करून त्यावर 'उष्णता' अशी चिठ्ठी लावली की गाळ चित्रातून जातो तो कायमचाच. आमच्या मते तक्त्यावरचा गाळ पुसणारी ओळ ती हीच.

मनोऱ्याविषयी थोडक्यात. ऊर्जेचा मनोरा नेहमी तळाशी रुंद असतो, पण वजनाचा मनोरा तसा असेलच असे नाही. इंग्लिश खाडीतील एका मोजमापात दर चौरस मीटरला वनस्पती-प्लवक ४ ग्रॅम आणि त्यावर जगणारे प्राणी २१ ग्रॅम आढळले. मुले विचारतात, चार ग्रॅमवर एकवीस ग्रॅम कसे जगतील? याला चहाच्या टपरीचे उत्तर द्यावे. टपरीवरच्या पातेल्यात एका वेळी दहा कपच चहा असतो, तरी संध्याकाळपर्यंत दोनशे गिऱ्हाइके पिऊन जातात, कारण पातेले सारखे नव्याने भरते. प्लवकही दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात. कोणत्याही क्षणी किती आहे आणि वर्षभरात किती तयार झाले, या दोन गोष्टी वेगळ्या.

काही तक्त्यांवर विघटकांकडून परत वनस्पतींकडे जाणारा एक बाण असतो, आणि तो ऊर्जेच्या बाणांच्याच रंगात रंगवलेला असतो. त्यावरून ऊर्जाही फिरून परत येते असा समज होतो. परत येतात ते नत्र, स्फुरद, कर्ब हे पदार्थ. ऊर्जा येत नाही. रंगाची एक वेगळी पेन्सिल वापरली की काम होते.

आमच्या एका शिक्षक मित्रांना हा लेख वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "तुमचे सगळे खरे, पण नववीच्या मुलाला काहीतरी सोपे द्यावे लागतेच की. गाळ, पाला, तीन प्रकारचे टक्के हे सगळे एका तासात कसे बसवायचे?" आक्षेप रास्त आहे. पण गवत – नाकतोडा – बेडूक – साप ही साखळी सोपी आहे आणि वाळके पान – गांडूळ – कोंबडी ही अवघड, असे आम्हाला वाटत नाही. दुसरी उलट जास्त सोपी आहे. ती शाळेच्या मागच्या अंगणात आहे आणि मुलांनी ती पाहिलेली आहे. सोपेपणासाठी आपण पाला गाळला असे म्हणणे खरे नाही. तक्त्यावर नव्हता म्हणून गाळला. मित्र यावर हसले, आणि म्हणाले की मग परीक्षेत तसे उत्तर चालते असे कोणीतरी लिहून द्या. तेवढा अधिकार आमच्याकडे नाही. पण साखळी पाल्यापासून सुरू झालेली असेल तर फुली मारण्याआधी 'हा पाला कोणाचा?' एवढे विचारून पाहावे, अशी विनंती मात्र जरूर करतो.

आणि एक प्रयोग सुचवतो, ज्याला खर्च जवळजवळ नाही. कांदे-बटाटे येतात त्या मोठ्या भोकांच्या जाळीच्या दोन पिशव्या आणि जुन्या मच्छरदाणीच्या बारीक जाळीच्या दोन पिशव्या शिवून घ्याव्यात, साधारण वीतभर लांबीच्या. उन्हात कडकडीत वाळवलेली पाने प्रत्येकीत दहा-दहा ग्रॅम भरावीत. प्रत्येक जोडीतल्या एकीत सागाची पाने आणि दुसरीत गिरिपुष्पाची घालावीत, म्हणजे पानांचाही फरक कळेल. मोठी पाने कापून घ्यावीत, मात्र चुरा होऊ देऊ नये, नाहीतर तो भोकांतून गळून हिशोब चुकेल. जून-जुलैत, ओल असताना, चारही पिशव्या झाडाखाली पालापाचोळ्यात दोन बोटे खोल पुरून जागेवर खूण करावी. बारीक जाळीतून जीवाणू आणि बुरशीच्या तंतूंना वाट मिळते, पण गांडूळ, पैसा आणि मोठे किडे आत शिरू शकत नाहीत. मोठ्या जाळीतून सगळे जातात. दिवाळीच्या सुट्टीनंतर पिशव्या उकराव्यात, पाने हलक्या हाताने धुऊन माती काढावी, पुन्हा वाळवून वजन करावे. वजन करण्याआधी पिशवी पांढऱ्या कागदावर उघडून आत कोण कोण राहत होते ते मुलांना मोजू द्यावे. चार आकडे आणि त्या यादीसह आपली निरीक्षणे मासिकाच्या पत्त्यावर पाठवावीत, झाडाचे नाव आणि गावचा पाऊस लिहायला विसरू नये.